चेंबरखालचे आत्मनिर्भर

गाडीचं ऑइल घरच्या घरी बदलणारा माणूस पैसे वाचवायला ते बदलतो, असा एक समज आहे. तो खोटा आहे. पैसेच वाचवायचे असते तर त्याने पान्यांचा सेट, फिल्टर खोलायची साखळी, नरसाळं, पाठीखाली घ्यायची गादी आणि कपाळाला बांधायची बॅटरी एवढा सरंजाम मागवला नसता. त्याला पछाडलेलं असतं ते संशयाने. सर्व्हिस सेंटरवाले गाडी आत नेतात, आपल्याला काचेच्या अलीकडे बसवून मशीनची कॉफी पाजतात आणि दोन तासांनी धुतलेली गाडी नि दीड पानाचं बिल हातात ठेवतात. बिलात ऑइलचे पैसे लावलेले असतात. पण ते खरंच बदललं कशावरून? मोजून तीन लिटर घातलं की दोनच घातलं आणि तिसरं कुणाच्या तरी बुलेटमध्ये गेलं? दूधवाल्यापासून सोनारापर्यंत प्रत्येकाच्या काट्यावर डोळा ठेवून जगलेल्या मराठी मध्यमवर्गाला ही काच सोसत नाही. मग एका रात्री तो यूट्यूबवर व्हिडिओ बघतो आणि जेवणाच्या टेबलावर जाहीर करतो, "यात आहे काय एवढं? एक बोल्ट तर खोलायचा."

व्हिडिओतला माणूस अमेरिकेत असतो. त्याची गाडी म्हणजे जमिनीपासून गुडघाभर उंच पिकअप, खाली जॅकशिवाय सरकता येतं. आपली हॅचबॅक स्पीडब्रेकरवर पोट घासणारी. तरी मनोधैर्य कायम.

पान्यांचा सेट घरात आधीचाही एक असतो. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं आणि पुढच्या खंडेनवमीपर्यंत तो माळ्यावर समाधी घेतो. म्हणून नवा मागवावा लागतो, आणि नव्यात नेमका हवा तो पाना नसतो, कारण तो सेट आल्याआल्याच वरच्या मजल्यावरच्यांनी टाकीचा नळ आवळायला नेलेला असतो. मग जवळपासच्या मापाचा पाना लावून जोर काढायचा. बोल्टाचे सहा कोपरे बघता बघता गोल होतात. जॅकचं म्हणाल तर डिकीतला जॅक पंक्चर झालेलं चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याच्या जोडीला दोन विटा लावून खाली झोपणारे लोक मी पाहिले आहेत. वीट अशा भाराखाली केव्हा फुटेल याचा नेम नसतो. घोडी लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. एवढ्या एका बाबतीत मला चेष्टा सुचत नाही.

गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले की पार्किंगमध्ये सभा भरते. वॉचमन येतो, पेपर टाकणारा मुलगा सायकल टेकवून थांबतो, आणि प्रीमियर पद्मिनी चालवून निवृत्त झालेले एक काका हात मागे बांधून अध्यक्षस्थान घेतात. जमिनीवर डाग पडू नयेत म्हणून जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली असतात. त्यासाठी रविवार पुरवणीला पसंती असते, असं मला एका वाचकाने प्रेमाने कळवलं आहे. सदरांचा कागद ऑइल छान शोषतो म्हणे.

आता बोल्ट. तो सैल करायचा म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवायचा, हे उभ्या माणसाला पाठ असतं. उताणं झोपलं की घड्याळच उलटं होतं. बोल्टाचं तोंड खाली, आपलं तोंड वर, त्यात काका वरून ओरडतात, "अहो, डावीकडे!" त्यांची डावी कुठली आणि तुमची कुठली, याचा निकाल लागेपर्यंत तुम्ही तो घट्ट केलेला असतो. घट्ट लागला म्हणून पान्याला पाइप लावून आणखी जोर. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा बोल्ट 35 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला जेमतेम बारा किलोचा भार. आपले गृहस्थ सत्तर किलोंचे आणि पान्यावर पाय देऊन उभे. हा बोल्ट ज्यात बसतो तो इंजिनाच्या बुडाचा चेंबर ॲल्युमिनिअमचा असला तर आटे सपशेल जातात. ऑइल बदलायला निघालेला माणूस चेंबर बदलून येतो तो असा.

सुटलाच बोल्ट, तर दुसरा अंक. व्हिडिओत सांगितलेलं असतं की इंजिन थोडं गरम करून घ्या, ऑइल पातळ होतं. थोडं. आपला माणूस गाडी हायवेला लोणावळ्यापर्यंत पिटाळून आणतो. मग शेवटचा आटा बोटांनी सोडवताना उकळी फुटल्यासारखं काळं ऑइल मनगटावरून कोपरावर आणि कोपरावरून थेट काखेत. बोल्ट अर्थातच हातातून निसटून घमेल्यात बुडतो. घमेलंही चुकीच्या जागी असतं. भरल्या भांड्याच्या भोकातून द्रव किती वेगाने बाहेर पडतो याचं गणित टॉरिचेल्लीने सतराव्या शतकातच मांडून ठेवलं. बोल्ट तिरका असला तर पातळी उंच असताना धार लांब उडते, पातळी उतरली की जवळ येते. घमेलं बोल्टाच्या बरोबर खाली ठेवणाऱ्याचं पहिलं अर्धं लिटर शेजाऱ्याच्या पार्किंगमध्ये जातं. तो धारेमागे घमेलं सरकवतो तोवर धार पुन्हा मूळ जागी.

पण ही सगळी किरकोळ मंडळी. आमच्या बी विंगमधल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांची गोष्ट वेगळी. उभी हयात त्यांनी इतरांच्या शाखांची तपासणी करण्यात घालवली होती. त्यांनी बोल्ट नीट सोडवला, घमेलं नीट लावलं, कपड्यांवर एक थेंब उडू दिला नाही. खाली आलं ते मधासारखं, पिवळसर, स्वच्छ. सभेत शांतता पसरली. साहेबांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. गंधकासारखा उग्र वास.

"हे तर नव्यासारखं आहे," वॉचमन म्हणाला.

साहेबांचा चेहरा पडला. काळंकुट्ट ऑइल निघेल, त्याचा फोटो काढून सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरला पाठवू, असं पत्र त्यांनी मनात अर्धं लिहून ठेवलं होतं. ते लोक प्रामाणिक निघाले हे पचवायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग जड मनाने त्यांनी बोल्ट लावला, बॉनेट उघडलं आणि नवं तीन लिटर वर ओतलं.

ते निघालं होतं गिअरबॉक्सचं. पद्मिनीत इंजिन आणि त्याच्या मागे गिअरबॉक्स अशी उतरंड होती. काकांचा अनुभव तिथला. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या आजच्या छोट्या गाड्यांत दोघं आडवे, शेजारी शेजारी नांदतात आणि दोघांच्याही बुडाला एकेक बोल्ट असतो. गिअरबॉक्सच्या ऑइलला इंजिनातली काजळी लागत नाही, म्हणून ते काळं पडत नाही. तेलही गेलं तूपही गेलं, ही म्हण ज्याने केली त्याच्यावर ही वेळ आली नव्हती: इथे एका भांड्यातलं सगळं गेलं आणि दुसऱ्यात दुप्पट झालं. साहेबांनी गेज काढून बघितलं. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. काका म्हणाले, "जास्त असलं तर चांगलंच. इंजिन पोटभर जेवलं पाहिजे."

पोटभर जेवलेलं इंजिन सुरू झालं की आतला क्रँक त्या ऑइलात बुडून ताक घुसळल्यासारखा घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. जादा ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरात शिरतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. डिझेल इंजिन तर अशा वेळी स्वतःचंच ऑइल जाळून पळत सुटू शकतं आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. साहेबांची पेट्रोलची होती, म्हणून फक्त धूर. गेटपासून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत सगळी गल्ली पालिकेच्या डासांच्या फवारणीत सापडल्यासारखी दिसत होती, आणि पलीकडच्या इमारतीतल्या दोन घरांनी खिडक्या लावूनही घेतल्या.

यापेक्षा सूक्ष्म अपराध रबरी वायसरचा. जुना फिल्टर काढताना त्याचा वायसर कधीकधी इंजिनालाच चिकटून राहतो. तो दिसत नाही, कारण आपण फिल्टर निघाल्याच्या आनंदात असतो. त्यावर नवा फिल्टर नव्या वायसरसकट बसतो. हाताने टेकल्यावर पाऊण फेरा पुरतो, हे डब्यावरच चित्रासह छापलेलं असतं. आपण साखळी लावून दोन फेरे देतो. गाडी सुरू होते, दाब येतो, दोन वायसर एकमेकांवरून घसरतात आणि मिनिटभरात नवं ऑइल जमिनीवर. डॅशबोर्डवर किटलीच्या आकाराचा लाल दिवा पेटतो. त्यावर मालकाचं ठरलेलं निदान असतं, "सेन्सर गेला असणार."

हे निदान थोरामोठ्यांनीही केलेलं आहे. 5 मे 1983 रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं 855 क्रमांकाचं विमान मायामीहून बहामातल्या नॅसाउला निघालं. तीन इंजिनांचं लॉकहीड ट्रायस्टार. ऑइलमधला धातूचा कीस टिपणारे प्लग मेकॅनिकांनी उड्डाणापूर्वी तिन्ही इंजिनांत बदलले आणि तिन्ही ठिकाणी रबरी रिंगा बसवायच्या राहिल्या. समुद्रावर ऑइलच्या दाबाचे काटे एकेक करून खाली आले, तेव्हा वैमानिकांना वाटलं काटेच बिघडले. तिन्हींचं ऑइल एकदम जाईलच कसं? तिन्ही इंजिनं थांबली. आधी खबरदारी म्हणून बंद केलेलं एक पुन्हा सुरू झालं, त्या एकट्यावर विमान मायामीला परतलं आणि आतली 172 माणसं सुखरूप उतरली. तेव्हा पार्किंगमध्ये वायसर विसरलात तर फार मनाला लावून घेऊ नका. फक्त लाल दिव्यावर विश्वास ठेवा.

बाकीचं भराभर सांगतो. खालचा बोल्ट लावायच्या आधी वरून नवं ओतणारे असतात. त्यांचं ऑइल इंजिनाला धावती भेट देऊन घमेल्यात पोचतं. भरून झाल्यावर वरचं झाकण इंजिनावरच ठेवून बॉनेट लावणारे असतात. पुसायचं फडकं आत विसरणाऱ्यांना जळका वास येतो आणि ते क्लच प्लेटला दोष देतात. काही जणांना घट्ट ऑइल म्हणजे दमदार ऑइल वाटतं. कंपनीने 0डब्ल्यू-20 सांगितलेलं असताना ते "आपल्याकडच्या उन्हाला" म्हणून 20डब्ल्यू-50 घालतात आणि वर ॲव्हरेज पडल्याची तक्रार करतात.

शेवटी गाडी टो होऊन जाते ती रस्त्याकडेच्या गॅरेजात, कारण सर्व्हिस सेंटरला तोंड दाखवायची सोय उरलेली नसते. आमच्या साहेबांच्या गाडीखाली गॅरेजवाला अर्धा मिनिट जाऊन आला. हसला नाही. एवढंच विचारलं, "साहेब, व्हिडिओ कुठल्या गाडीचा बघितला?" मग त्याने इंजिनातलं सहा लिटर काढलं, तीन भरलं, गिअरबॉक्समध्ये दोनेक लिटर वेगळं भरलं. साहेब पूर्ण वेळ त्याच्या शेजारी स्टुलावर बसून होते, नजर न हलवता. काच नसलेलं गॅरेज त्यांना आवडलं. तिथेही त्यांनी डब्यात तळाशी राहिलेलं पाव लिटर मागून घेतलंच.

प्रश्न उरला काढलेल्या ऑइलचा. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, गटारात ओतता येत नाही, अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. तो पिंपांचा हिशेब करतो, आपल्याकडे डबा. गॅरेजवाल्याच्या पिंपात ते फुकट पडलं असतं; पण पैसे मोजलेली वस्तू फुकट सोडणं साहेबांच्या रक्तात नाही. गावाकडच्या दाराला वाळवी लागू नये म्हणून लावता येईल, असं म्हणून ते त्यांनी घरी आणलं. आधी पार्किंगमध्ये निघालेलं गिअरबॉक्सचं, ते मधाच्या रंगाचं, बाल्कनीत शेंगदाणा तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवलंय. दिवाळी दोन आठवड्यांवर आली आहे. वहिनींनी डब्यावर खडूने मोठ्या अक्षरात "चकलीला नाही" असं लिहिलंय, आणि साहेब गावाला कधी जाणार हे रोज विचारतायत.