चार ग्रॅमचा जहागीरदार

हमिंगबर्ड हा पक्षी फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत सापडतो. वर अलास्कापासून खाली पार तिएरा देल फ्वेगोपर्यंत. एवढ्या अफाट प्रदेशात त्याने वाळीत टाकलेली एकच जागा मला ठाऊक होती, ती म्हणजे सॅन होझेतली आमची परसबाग. कुंपणापलीकडच्या आजींकडे मात्र तो दिवसभर पडीक असायचा. आजी बागेत फारशा फिरकतही नसत. या उघड अन्यायातून माझ्या मनात निसर्गप्रेम जागं झालं.

काम अंगमेहनतीचं असलं की मी आधी त्याचा अभ्यास करतो. पुष्कळदा तेवढ्यात काम टळतं. या वेळी टळलं नाही. हमिंगबर्ड हवा तर साल्विया लावा, असं सगळीकडे लिहिलेलं. साल्विया म्हणजे तुळशीच्या कुळातली मंडळी, जगभरात हजाराच्या आसपास जाती. त्यांतल्या कित्येकींची फुलं लाल, लांब नळीची, मध तळाशी. बसायला धड जागा नाही, म्हणजे हवेत तरंगत पिणाऱ्याचीच सोय. आपल्याकडे हिवाळ्यात सार्वजनिक बागांतून जो लालभडक साल्विया रांगेने लावतात, तो मूळचा ब्राझीलचा. तिकडे रानात त्याच्यावर हमिंगबर्डच येतात.

नर्सरीतून मी ‘ब्लॅक अँड ब्लू’, पाइनॅपल सेज, कॅलिफोर्नियाचा भूमिपुत्र हमिंगबर्ड सेज आणि अर्धं लाल, अर्धं पांढरं फूल येणारं ‘हॉट लिप्स’ आणलं. आई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. तिने रोपांची नावं विचारली तेव्हा शेवटचं मी लॅटिनमध्ये सांगितलं.

ज्याच्या नावातच हमिंगबर्ड त्याला मान मोठा, म्हणून हमिंगबर्ड सेजला भर उन्हातली मधली जागा दिली. त्याला ओकच्या झाडाखालची कोरडी सावली लागते. तो पंधरवड्यात करपला. ‘हॉट लिप्स’ला ऊन हवं, पाणी बेताचं हवं आणि मुळांशी ते साचायला नको. आमची जमीन चिकणमातीची. त्यात मी सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभा.

“अरे, तू तापाने फणफणला होतास तेव्हासुद्धा मी तुला इतकं पाणी पाजलं नव्हतं,” आई म्हणाली.

‘हॉट लिप्स’ने माना टाकल्या. त्या तहानेने टाकल्या असं निदान करून मी आणखी पाणी घातलं. पाइनॅपल सेजला भरपूर नत्राचं खत दिलं. त्याची पानं अशी माजली की आईने भजी करू का म्हणून विचारलं. फूल मात्र एक नाही. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्याला फुलायचं नसतं. मी त्याला जूनमध्येच जाब विचारत होतो.

फुललं फक्त ‘ब्लॅक अँड ब्लू’. त्याच्यावर आले मोठाले काळे भुंगे. समोरून नळीत तोंड घालणं त्यांना जमेना, म्हणून ते फुलाला बुडाशी भोक पाडून मध प्यायचे. परागकणांना हात न लावता पोटभर जेवून चालते व्हायचे. कुणाच्याही लग्नात आहेर न देता पंगतीला बसणारे पाहुणे असतात, तसेच.

पहिला हमिंगबर्ड आला तेव्हा मी टोपी घालून, दुर्बीण ‘ब्लॅक अँड ब्लू’वर रोखून बसलो होतो. माझ्या पाठीमागे आई लाल शाल पांघरून मेथी निवडत होती. लाल दिसेल ते तपासून पाहायची या पक्ष्याला खोड असते. तो तिच्या खांद्यापाशी येऊन तरंगला, शालीत मध नाही याची खात्री करून गेला. मला हे सगळं आईने नंतर सांगितलं.

मग माझी कंबर धरली आणि पाणी, खत, देखरेख सगळं बंद पडलं. बागेला बरं वाटू लागलं. ‘हॉट लिप्स’ बुडापासून फुटलं. शरदात पाइनॅपल सेज लालेलाल झाला. आणि एके सकाळी त्याच्या शेंड्यावर ‘अ‍ॅनाज हमिंगबर्ड’चा नर येऊन बसला. वजन चार ग्रॅमच्या आसपास, डोकं आणि गळा झळझळीत गुलाबी. फ्रान्सच्या एका डचेसवरून, आना मासेनावरून, या जातीचं नाव ठेवलंय. वागणूक नावाला शोभेशीच. दुसरा हमिंगबर्ड आला की हाकल. भुंगा आला, हाकल. पाइप घेऊन मी आलो, मलाही हाकल!

त्याची पद्धत अशी की सरळ शंभरेक फूट वर चढायचं, तिथून माझ्या टोपीच्या रोखाने सूर मारायचा आणि तळाशी एकदम ‘चीप!’ करून वळायचं. हा आवाज गळ्यातून नव्हे, शेपटीच्या पिसांतून निघतो, हे आमच्याच भागातल्या बर्कली विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर क्लार्क आणि तेरेसा फेओ यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. मी ती मानवंदना समजून टोपी काढली. पण हा सूर तो मादीसमोर मारतो, नाहीतर घुसखोराला धमकावायला. मी मादी नसल्यामुळे दुसरीच शक्यता उरते.

तेव्हापासून मी बाग स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहतो. इथून हाकललेले सगळे हमिंगबर्ड आजींकडे जातात. पूर्वी त्यांच्याकडे एखाददुसरा असायचा, आता मेळा भरतो. त्याचा खर्च माझा.

तरीही कुणाला हौस असेल तर साल्विया एका जागी लावू नका. एकमेकांना न दिसणाऱ्या कोपऱ्यांत विखरून लावा, म्हणजे एकाच नराला सगळ्यांवर पहारा करता येत नाही. कीटकनाशक फवारू नका. बारीक किडे हेही त्याचं अन्न आहे, पिल्लांना तर ते लागतातच. महाराष्ट्रातल्या वाचकांना ‘तुमच्या गच्चीत हमिंगबर्ड आला’ असं कुणी सांगितलं तर तो शिंजीर असतो. त्याच्यासाठी जास्वंद पुरेशी आहे. ती लावा, बेताचं पाणी घाला आणि कृपा करून घरात जाऊन बसा.