वाकळ : थर, टाके आणि तंटे

वाकळ म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले जाड कापड. ते खाली घातले तर अंथरूण होते, वर घेतले तर पांघरूण होते आणि दोघांनी दोन टोकांनी ओढले तर भांडण होते. तिन्ही उपयोग एकाच रात्रीत होऊ शकतात.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत तिला गोधडी म्हणतात. वऱ्हाडात दोन्ही शब्द चालतात, पण छापल्यासारखे उच्चारले जात नाहीत. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून वाकळीची ‘वाकय’ होते. त्याच बोलीत ‘इकडे’चे ‘इकळे’ होते, म्हणून गोधडीची ‘गोधळी’ होते. म्हणजे वाकळीतून उसवून काढलेला ‘ळ’ गोधडीला ठिगळ म्हणून लागला. अक्षरसुद्धा वाया न घालवणाऱ्या मुलखाने कापड वाया घालवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

सेमाडोह हे याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातले गाव. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घाट चढतो, उतरतो आणि सिपना नदीच्या काठी या गावाला भेटतो. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग, आणि सागाची इथे टंचाई नाही. १९७३ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले, त्यांत सेमाडोह ज्यात येते तो मेळघाट होता. त्यामुळे सेमाडोहला येणारा पाहुणा वाघासाठी येतो. वाघ दिसतो किंवा दिसत नाही. थंडी मात्र हमखास भेटते. डोंगरावरची गार हवा जड असते, ती रात्री उताराने खाली वाहत येते आणि दरीत साचून बसते. सेमाडोह दरीतच आहे. पाहुण्याचा दिवसाचा प्रश्न ‘वाघ दिसेल का’ असा असतो. रात्री बाराला तो ‘आणखी काही पांघरायला आहे का’ असा होतो, आणि दुसऱ्या प्रश्नातली कळकळ पहिल्यापेक्षा जास्त खरी असते.

अशा गावात वाकळीला पर्याय कमी. गादीला नवा कापूस लागतो, पिंजारी लागतो, वर खोळ लागते. वाकळीला जुने लुगडे, सुई आणि घरात एक न थकणारी म्हातारी एवढे पुरते. गंमत अशी की डोंगर उतरून परतवाडा-अचलपूर गाठले की कापसाचाच मुलूख सुरू होतो. इथल्या पऱ्हाटीसाठी इंग्रजांच्या काळात अचलपूर ते मुर्तिजापूर चिमुकल्या रुळांची गाडी टाकली गेली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाई, तिथून मँचेस्टरला जाई, आणि धोतर होऊन दुकानात परत येई. ते धोतर विकत घेऊन, नेसून, फाडून मग त्याची वाकळ शिवायची. शेताच्या बांधापासून बाजेपर्यंतचे अंतर पन्नास पावले. कापूस ते सात समुद्रांवरून चालत येई.

वाकळ समजून घ्यायची तर कपड्याची सेवापुस्तिका आधी पाहावी लागते. कोणताही कपडा थेट वाकळीत जात नाही. नऊवारी लुगडे आधी नेसले जाते. बसून बसून ते मध्यभागी विरले की विरलेला पट्टा कापून दोन धडके तुकडे जोडतात; याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडे शेतात जायला चालते, लग्नाला चालत नाही. पुढे त्याच्या धड भागातून पोरीचा परकर निघतो, मऊ भागातून बाळाची दुपटी निघतात. नंतर वाकळ. वाकळही विरली की तिचे पायपुसणे होते, पायपुसण्याचे पोतेरे होते, आणि जमीन सारवून सारवून पोतेऱ्याचा जो धागा उरतो त्याच्यावर कोणाचाही हक्क नसतो. या सगळ्या नोकरीत वाकळीच्या जागेवर कपडा सर्वांत जास्त वर्षे काढतो. शिवाय ही जागा झोपून काढायची आहे.

वाकळीसाठी जुने कापड लागते याचा अर्थ टाकाऊ कापड लागते असा नाही. इथे घरोघरी गैरसमज होतो. कुजलेल्या कापडात टाका टिकत नाही. सुई गेली की भोक पडते आणि दोरा ओढला की चीर जाते. शिवणारीला मऊ पण धडके कापड हवे असते, आणि नेमके तेच कापड नेसणारीलाही हवे असते.

“मामी, हे लुगडं त चांगलं हाये अजून!”

“म्हनूनच त घेतलं बाई. फाटक्याची काय वाकय होते?”

या युक्तिवादाला उत्तर नाही. सासू-सुनांच्या वादांत कायद्याचा मुद्दा बहुधा असाच निघतो.

निवड झाली की कापड धुऊन, उसवून सपाट करतात. कॉलर, खिसा, नेफा, काज हे सगळे जाडजूड भाग वेगळे निघतात, कारण पाठीखाली खिसा आला तर रात्रभर आपण काहीतरी विसरलो आहोत असे वाटत राहते. बटणे डब्यात जातात. महाराष्ट्रात बटणांचा डबा नसलेले घर नाही आणि त्या डब्यात एकसारखी पाच बटणे सापडलेला माणूस नाही.

मेळघाटात कच्च्या मालाची आणखी एक खाण आहे. दिवाळीच्या आसपास शहरांतून जुने कपडे वाटायला गाड्या येतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण गाठोड्याला हेतू कळत नाही. त्यातून टाय निघतात, संमेलनात एकदाच घातलेला परीचा झगा निघतो, गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली जीन्स निघते. ही जीन्स वाकळ शिवणारीला कोड्यात टाकते. कापड नवे, भोक जुने; म्हणजे कोणीतरी ही पैसे देऊन फाटकीच आणली. ठिगळ लावावे तर फॅशनमध्ये मोडता घातला असे होईल, न लावावे तर गुडघा उघडा राहील. शेवटी ती जीन्स वाकळीच्या पोटात, कोणाला दिसणार नाही अशी घालतात. जाड असल्याने तिथे सुई मोडते. जाता जाता फॅशनने घेतलेला हा सूड म्हणावा.

टेरिकॉट आणि त्यामागून आलेल्या कृत्रिम धाग्याच्या साड्यांबद्दल बरे बोलणे कठीण आहे. सुती कापड एकमेकांना धरून बसते. ही साडी टाका पडेपर्यंत दर वेळी बाजूला सरकते, आणि घाम शोषत नाही. शेकोटीची ठिणगी सुती वाकळीवर पडली तर काळा डाग पडतो. कृत्रिम साडीवर पडली तर वितळून कडक कडेचे भोक पडते. पण आता बाजारात तीच साडी स्वस्त, कपाटात तीच जास्त, म्हणून वाकळीतही तीच. रंग मात्र तिचे जात नाहीत. नवऱ्याला न विचारता घेतलेली जांभळी साडी वाकळ होऊनही पंधरा वर्षे तितकीच जांभळी राहते, आणि तो विषय तितकाच ताजा.

शिवणीचा हंगाम उन्हाळा. शेतात काम नसते, अंगणात ऊन असते, आणि जूनच्या आत हात मोकळा करायचा असतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. दोन-दोन मीटरच्या चार घड्या घातल्या की एका लुगड्यात एका माणसाच्या वाकळीचे चार थर बसतात आणि वर वीतभर उरते, ते दिव्याच्या वातीला. थरांच्या मध्ये बारकेसारके तुकडे पेरतात, अंगणात पसरून चारी कोपऱ्यांवर वरवंटा, दगड, पाण्याची कळशी असे वजन ठेवतात, आणि कडेने सुरुवात होते. टाके कडेकडेने फिरत आत येतात. जी पहिली फेरी सरळ घालते तिची शेवटची फेरी सरळ येते. बाकीच्यांची सगळी चूक सरकत सरकत मधोमध गोळा होते आणि तिथे एक फुगवटा तयार होतो. त्या फुगवट्यावर कायम घरातल्या सर्वांत धाकट्याला झोपवतात.

हिशेब असा. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद वाकळ घेतली आणि दोन बोटांच्या, म्हणजे तीन सेंटीमीटरच्या अंतराने दोरा फिरवला, तर एकूण शिवण सुमारे ८३ मीटर होते. सेंटीमीटरला एक टाका धरला तर आठ हजारांवर टाके. पोत्याचे दाभण जाड, त्याने भोके पडतात, म्हणून लांब सुई घेतात आणि चार-सहा टाके तिच्यावर ओवून एकदम दोरा ओढतात. शिवणारी शिवलेल्या भागावर बसून पुढे सरकते. मांजर न शिवलेल्या भागावर बसते. पोरे दोन्हींवर लोळतात. मधूनच सुई हरवते. मग काम थांबते, पोरे उभी केली जातात, वाकळ झटकली जाते, वरवंट्यापासून मांजरापर्यंत सर्वांची झडती होते, आणि सुई शिवणारीच्या पदराला खोचलेली सापडते. या घटनेची चर्चा होत नाही.

हा धावदोरा शोभेसाठी नाही. थरांच्या मध्ये हवा अडकते, ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. टाके त्या हवेला आणि आतल्या तुकड्यांना जागच्या जागी ठेवतात. टाके विरळ पडले तर आतले कापड एका कोपऱ्यात गोळा होते आणि माणसाला वाकळीत झोपूनही थंडी वाजते. शंभरदा धुतलेल्या सुताची खळ निघून गेलेली असते, म्हणून ते अंगाला टोचत नाही. बाळंतिणीच्या खोलीत नव्या दुपट्यापेक्षा आजीच्या लुगड्याला मान मिळतो तो यामुळे.

वाकळ जुनी झाली तर तिच्यावर नवे लुगडे चढवून पुन्हा टाके घालतात. असे दोन-तीनदा झाले की ती वाकळ न राहता उत्खननाची जागा होते. वरचा थर सुनेचा, त्याखाली सासूचा, त्याच्या खाली आजेसासूचे इरकली काठ, आणि तळाशी ज्याचे नाव आता कोणालाच आठवत नाही अशा कोणाचे तरी धोतर. एका चुलीवर न राहू शकलेल्या सासवा-सुना इथे आठ हजार टाक्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात.

वऱ्हाडने वाकळीला एक मोठा माणूसही दिला. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र घालत. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत, आणि हातातल्या मडक्याच्या खापरावरून गाडगेबाबा. दुसरे नाव टिकले. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. तिथल्या दीक्षांत समारंभातले झगे मात्र अखंड कापडाचे असतात.

बाहेरच्या जगात हीच कला मोठ्या इतमामाने नांदते. बंगालात ती कांथा होते, उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या हातात कवंदी होते, जपानात ठिगळांवर ठिगळे चढवलेल्या वस्त्रांना बोरो म्हणतात आणि काचेच्या पेटीत ठेवतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या गावच्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. सेमाडोहच्या वाकळी कुपाटीवर लागतात. फरक एवढाच की कुपाटीवरून बकरीला त्या खाली ओढता येतात.

थंडीत वाटले जाणारे स्वस्त करडे ब्लँकेट वाकळीच्या मुळावर आले, असे म्हणतात. या ब्लँकेटांतली बरीचशी हरियाणातल्या पानिपतची. तिथे परदेशातून आलेले जुने लोकरी कोट, स्वेटर फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काततात. म्हणजे नवे म्हणून हातात पडलेले ब्लँकेटही जुन्या कपड्यांचीच गोधडी असते. कोणाच्या कोटाची, ते मात्र कळत नाही. वाकळीत निदान माणसे ओळखीची असतात.

धुणे हा वाकळीचा अवघड अध्याय. कोरडी वाकळ एक बाई काखेत मारून सिपनेवर नेते. भिजलेली वाकळ दोघींना पिळावी लागते, आणि त्या दोघी एकाच बाजूला पीळ देऊ लागल्या तर दिवस जातो. कडक ऊन दोन दिवस दाखवावे. दोऱ्याच्या ओळी ढेकणांना घरापेक्षा सुरक्षित वाटतात, त्यामुळे टाक्याटाक्याला ऊन लागणे आवश्यक आहे.

वाकळीची खरी शत्रू ब्लँकेट नसून बोहारीण आहे. ती दुपारी, म्हातारी झोपलेली असताना येते, आठ हजार टाके पोटात घेऊ शकणारे लुगडे बोटांनी चाचपते, नाक मुरडते आणि त्यावर स्टीलची एक वाटी देते. म्हातारी उठते तेव्हा वाटी मांडणीवर असते. ज्यांना यंदा वाकळ शिवायची आहे त्यांनी लुगडे सकाळीच बादलीत भिजत घालावे. ओले कापड बोहारीण घेत नाही.