राजीनामा आणि कबुलायत: नोकरी सोडू इच्छिणाऱ्या गुरुजनांस काही सूचना

नोकरी कशी मिळवावी या विषयावर ग्रंथ उदंड असले, तरी ती सोडण्याचे शास्त्र आपल्याकडे उपेक्षितच राहिले आहे. आणि त्यातही अध्यापकाची कुचंबणा अशी की, जो गृहस्थ वीस वर्षे साठ-साठ मुलांना केवळ चष्म्यावरून पाहून गप्प करीत आला, त्याला ‘मी जातो’ हे दोन शब्द मुख्याध्यापकांसमोर उच्चारताना घशाला कोरड पडते. सोलापूर शहरातील समव्यवसायी बंधुभगिनींची ही अडचण ध्यानी घेऊन, स्वानुभवाच्या आधारे, पुढील सूचना सविनय सादर केल्या आहेत.

प्रथम शब्दार्थ. राजीनामा म्हणजे राजीखुशीचा कागद. जुन्या महसुली दप्तरात जमीन सोडणारा राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत. एकावाचून दुसरा कागद पांगळा समजला जाई. शाळा सोडणारे बहुतेक सज्जन राजीनाम्याच्या मसुद्यावर रात्री जागवतात, परंतु कबुलायत कोणाकडून घ्यावयाची याचा विचार करीत नाहीत. हा मुद्दा लक्षात असू द्यावा. त्याकडे शेवटी यावयाचे आहे.

आता मुहूर्त. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची 1981 ची नियमावली या बाबतीत दाते पंचांगाहूनही काटेकोर आहे. कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस द्यावी, अस्थायीने एका महिन्याची. ती सुट्टीत देऊ नये, सुट्टीचा कोणताही भाग मुदतीत येऊ देऊ नये, आणि पहिले सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर तर मुळीच देऊ नये. हिशेब करून पाहावा. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, म्हणून जुलैचा मध्य येईतो मौन. पुढे तीन महिने मोजू जावे, तर दिवाळीची सुट्टी आडवी येण्याची धास्ती. दिवाळी उलटल्यावर लिहावे, तर जानेवारी सरण्यापूर्वी लिहिलेच पाहिजे, नाहीतर मे महिना मुदतीत शिरतो. त्या जानेवारीतही संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात, होम मैदानावर गड्डा भरतो, आणि त्या दिवसांत आपला कागद कितीही हृदयद्रावक असला तरी तो वाचावयास कार्यालयात कोणी सापडत नाही. वैराग्य आले असता ते या वेळापत्रकात बसते किंवा कसे, हे आधी तपासावे. ज्यास इतका धीर नाही, त्याने नोटिशीत जितके दिवस कमी पडतील तितक्यांचे वेतन भरून मोकळे व्हावे. भत्ते त्यात धरले जात नाहीत, एवढी दया सरकारने केली आहे.

मजकुराविषयी. याच सेवाशर्तींच्या 1977 च्या अधिनियमाप्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोहोंवर सही व तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाकडे नोंदणीकृत टपालाने रवाना करावी आणि दुसरी आपणाजवळ ठेवावी. व्यवस्थापनाचे कार्यालय जिन्याखालीच असले तरी टपालाचा मार्ग सोडू नये. राजीखुशीचा कागद बळजबरीने लिहून घेतला जाऊ नये, हा त्या टपालखर्चामागील हेतू आहे. कारणे विस्ताराने देण्याचा मोह आवरावा. लोकमान्य टिळकांनी 1890 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडताना प्रदीर्घ कारणमीमांसा केली हे खरे. परंतु ज्याच्या पदरी स्वतःचे वर्तमानपत्र नाही, त्याने ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढ्यावर आटोपावे. हा शब्दसमूह सोलापुरी चादरीसारखा आहे: रखडलेले वेतन, पर्यवेक्षकांचा स्वभाव, निवडणुकीची कामे आणि दहावी ‘ब’ हा वर्ग, सारे त्याखाली व्यवस्थित झाकले जाते.

गुप्ततेविषयी लिहावे तेवढे थोडे, कारण ती अस्तित्वातच नाही. या जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला होता; 2022 च्या जुलैत त्यांच्या राजीनाम्याची वार्ता राज्यभर झाली. आपली कीर्ती एवढी नसल्याने आपली वार्ता शिक्षककक्षापुरतीच राहील, असा भ्रम बाळगू नये. शिपाईमामांना ती आपल्या आधी कळलेली असते. सहकाऱ्यांस सांगण्याचे उत्तम स्थळ म्हणजे कोणाच्या तरी शेतावरची हुरडा पार्टी. आगटीभोवती धुराने सर्वांचेच डोळे पाणावलेले असतात, त्यामुळे कोणाला खरोखर वाईट वाटले याची चौकशी उद्भवत नाही. शेंगाचटणीची वाटी हातात असावी, म्हणजे ‘पुढे काय करणार?’ या प्रश्नाला तोंड भरलेले राहते. निरोपाच्या समारंभात टॉवेल-टोपी मिळेल. ज्या गावात टॉवेल विणले जातात, तेथेही तो आश्चर्यचकित होऊन स्वीकारावा.

राहता राहिला वर्ग. मुलांना केव्हा सांगावे याविषयी अधिनियम व नियमावली दोन्ही मौन पाळतात. प्रस्तुत लेखकाने हा विधी जानेवारीच्या अखेरीस नववीच्या वर्गात, पाचव्या तासाला केला. खडू खाली ठेवला, कॅटलॉग मिटला, आवाज किंचित खाली आणला, आणि ज्ञानदान, ऋणानुबंध व वियोग या तीन मुद्द्यांवर आदल्या रात्री पाठ केलेले भाषण सुमारे सात मिनिटे केले. वर्ग इतका शांत झाला की, बाहेर नळावर डबे धुणाऱ्या मुलांचा गलका ऐकू येऊ लागला. माझे नेत्र ओलावण्याच्या बेतात होते. इतक्यात शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

“सर, मग उद्यापासनं तुमचा तास ऑफ का?”

नियमाप्रमाणे एप्रिलअखेरपर्यंत आपण येथेच आहोत, असा खुलासा मी केला. त्या मुलाच्या मुखावर जी निराशा पसरली, ती मी पुढे तीन महिने रोज पाचव्या तासाला पाहिली. कबुलायत मात्र मला त्याच क्षणी मिळाली होती. तिची मुदत तेवढी कायद्याने लांबविली.