स्वप्नदुष्काळ निवारण : साधकांसाठी सूचना

सदर सूचना अशा साधकांसाठी आहेत, ज्यांना मागे कधीतरी एक जागृत स्वप्न पडलं, त्यात ते गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगपर्यंत उडत गेले, ती हकिगत त्यांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकवली, आणि त्यानंतर आजतागायत ज्यांच्या झोपेत काही म्हणजे काही घडलेलं नाही. नवख्यांसाठी खुलासा : स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं आणि कळूनही जाग न येणं, याला जागृत स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम म्हणतात. हे नाव १९१३ साली फ्रेडरिक व्हान एडन या डच मनोविकारतज्ज्ञाने रूढ केलं. त्याआधीही लोक झोपेत जागे होत होतेच, फक्त त्याबद्दल चारचौघांत बोलत नव्हते.

१. आधी पाहणी, मग जाहीर

दोन-चार रात्री कोरड्या गेल्या म्हणून हवालदिल होऊ नये. ती फक्त दुष्काळसदृश परिस्थिती. २०१६ साली अनेक पाहण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा असं दिसलं की साधारण ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी जागृत स्वप्न पडतं, पण महिन्याला एक किंवा त्याहून जास्त पडणारे फक्त २३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चारांतली तीन माणसं कायमच अवर्षणप्रवण क्षेत्रात राहतात आणि तरीही हप्ते वेळेवर भरतात.

पाहणीत एवढंच ठरवायचं : स्वप्नं पडत नाहीत, की पडतात पण आठवत नाहीत, की आठवतात पण त्यात आपण जागे होत नाही? पहिल्या प्रकारातले बहुतेक लोक खरे दुसऱ्या प्रकारातले असतात. दुसऱ्यांनी कलम २ पाहावं. तिसऱ्यांनी थेट कलम ४ गाठावं.

२. वही घालावी

उशाशी वही-पेन ठेवावं. जाग आल्यावर कूस बदलू नये, डोळे उघडू नयेत, मोबाईलकडे तर मुळीच पाहू नये. आहे तसं पडून राहावं आणि स्वप्नाचं शेवटचं टोक धरून मागे मागे जावं. हलल्याबरोबर स्वप्न विरून जातं. एवढ्यात दूधवाला बेल वाजवेलच. त्याला इलाज नाही.

सुरुवातीच्या नोंदी त्रोटक असतात. उदाहरणार्थ : ‘मामा. हिरवा. जिना संपतच नाही. ७?’ हे सात म्हणजे मजला, वेळ की मामांनी मागितलेले हजार, हे सकाळी उलगडत नाही. तरी खोडू नये. मात्र वही कुलपात ठेवावी. सातच्या पुढचं प्रश्नचिन्ह घरात नको ते प्रश्न उभे करतं.

या कामात मार्की द हर्वे द सँ-दनी या फ्रेंच गृहस्थांचा आदर्श ठेवावा. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी स्वप्नं उतरवायला सुरुवात केली आणि १८६७ मध्ये स्वप्नांना दिशा देण्याच्या उपायांवर अख्खं पुस्तक काढलं. त्यावर स्वतःचं नाव मात्र घातलं नाही. वही आधी घरच्यांच्या हाती पडली असणार, असा आमचा कयास आहे.

३. मुळात झोपावं

हे कलम साधकांना सर्वांत अवघड जातं. रात्री दीड वाजेपर्यंत ‘जागृत स्वप्न पडण्याचे सात हमखास उपाय’ हे व्हिडिओ पाहायचे आणि सकाळी सहाला उठून लोकल पकडायची, या वेळापत्रकात स्वप्नाने यावं तरी कधी?

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. ज्या टप्प्यात डोळे पापण्यांआड भिरभिरतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात, तो आरईएम टप्पा पहाटेकडे लांबत जातो. तेव्हा जो झोपेचे शेवटचे दोन तास कापतो, तो ऐन पिकावर नांगर फिरवतो. पहाटेची स्वप्नं खरी होतात, असं आजी सांगायची. त्यातल्या ‘पहाटेची’पर्यंत प्रयोगशाळा आजीशी सहमत आहे. पुढच्या भागाबद्दल तिने अजून काही कळवलेलं नाही. रात्री घेतलेले दोन पेगही हा टप्पा दाबतात, हे शनिवारच्या साधकांनी ध्यानात घ्यावं.

झोपेचा कोटा पुरा होऊ लागला की पुढची पायरी : पाचेक तासांनी गजर लावून उठावं, थोडा वेळ जागं राहावं आणि ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल की हे स्वप्न आहे’ असा संकल्प करत पुन्हा आडवं व्हावं. स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी ही संकल्पाची रीत शिस्तीत बसवली. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपल्याकडे लोक त्याआधीपासून म्हणत आले आहेत, पण त्यावर कोणी पीएच.डी. केली नव्हती. गजर पहाटे चारचा असल्यामुळे शेजारी झोपलेल्या व्यक्तीची पूर्वपरवानगी घ्यावी. तोंडी चालणार नाही.

आता ऑस्ट्रेलियातल्या डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष नीट वाचावा. दिवसाची वास्तव-तपासणी (कलम ४), पहाटेचं उठणं आणि संकल्प या तिन्ही गोष्टी करणाऱ्यांना सुमारे १७ टक्के प्रयत्नांत यश आलं. पण संकल्प झाल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांचा डोळा लागला, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या घरात गेलं. आणि आपला साधक काय करतो? दात आवळून, मुठी वळून, सक्तीच्या वसुलीला आल्यासारखा स्वतःला बजावत राहतो : ‘आज पडलंच पाहिजे.’ साडेपाचला पाखरं ओरडू लागतात तेव्हा तो टक्क जागा असतो. हेतू अर्धा सफल झाला म्हणायचा. जागं होणं जमलं, आता फक्त झोप राहिली.

४. वास्तव-तपासणी

हे या मार्गदर्शिकेचं मुख्य कलम. सर्वांनी दोनदा वाचावं, कारण दोनदा वाचणं हीच तपासणी आहे. पाटीवरचा मजकूर वाचावा, नजर हटवावी, पुन्हा वाचावा. स्वप्नात तो बहुधा बदलतो. घड्याळाचंही तेच. दिव्याचं बटण दाबून पाहावं. स्वप्नात खोलीतला उजेड सहसा हुकूम मानत नाही. सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास घेणं. स्वप्नात नाक दाबलेलं असतानाही श्वास येतो.

परदेशी पुस्तकांतल्या या तपासण्या स्थानिक परिस्थितीत वापरताना तारतम्य बाळगावं. गर्दीच्या वेळी फलाटावरच्या इंडिकेटरवर ‘जलद, १२ डबे’ असं वाचून, क्षणभर पायाशी पाहून पुन्हा वर पाहिलं की ‘धीमी, १५ डबे’ असं दिसतं. याचा अर्थ आपण उडू शकतो असा घेऊ नये. फलाटावरच्या चार घड्याळांत चार वेळा असतात. बटण दाबून दिवा न लागणं ही तर पावसाळ्यात पुराव्यात धरण्याजोगी बाबच नाही. नाकाची तपासणी तेवढी इथेही चालते, पण लोकलमध्ये केल्यास आजूबाजूचे सरकतात. बसायला जागा मिळण्याची शक्यता असल्यामुळे आम्ही तिची शिफारस करतो.

पण खरी मेख पुढे आहे. साधक मोबाईलवर दर तासाचं स्मरणपत्र लावतो. टिंग वाजलं की नाक दाबतो, सोडतो, कामाला लागतो. देवळासमोरून जाताना चालत्या बाइकवरून हात छातीला लावतात, त्या श्रद्धेने. ही तपासणी नव्हे. पॉल थोले या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सांगितलेली गोष्ट वेगळी होती. दिवसा स्वतःला खरोखर विचारायचं की मी आत्ता जागा आहे का, आणि विशेषतः काही विचित्र, अशक्य, न पटणारं घडलं की विचारायचं. सवय मुरली की तोच प्रश्न रात्री आपसूक पडतो.

दुष्काळाचं मूळ इथे आहे. विचित्र काही घडलं, हेच आपल्या लक्षात येत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त समोर येतं. गेल्या वर्षी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव एकमताने मंजूर झाला, असं त्यात लिहिलेलं असतं. सभेला सातच जण होते आणि त्यांतले दोघे भांडून निघून गेले होते. ठरावाचा सूचक म्हणून साधकाचं स्वतःचं नाव असतं, अनुमोदक म्हणून ज्यांनी फ्लॅट विकून नाशिक गाठलं त्यांचं. साधक चहाचा कप डाव्या हातात घेतो, उजव्या हाताने सही करतो आणि विचारतो, ‘बिस्किटं संपली का?’

असा मनुष्य त्याच रात्री दहावीच्या परीक्षेला बसतो. पेपर बीजगणिताचा, वर्गात गुडघाभर पाणी, सुपरवायझरच्या खुर्चीत वारलेले आजोबा शेंगा सोलत बसलेले. तो काय करणार? पुरवणी मागणार! दिवसभर ज्याने ‘असं कसं?’ हे दोन शब्द उच्चारले नाहीत, त्याला ते झोपेत कुठून सुचावेत?

म्हणून उपाय असा : आठवडाभर नाकाला विश्रांती द्यावी. त्याऐवजी रोज निदान तीन वेळा एखाद्या गोष्टीपाशी थांबून, मनापासून, ‘असं कसं?’ म्हणावं. बिल पाहून म्हणावं, बातम्या पाहून म्हणावं, आपण आत्ता या मीटिंगमध्ये का आहोत, यावर म्हणावं. हा उपाय दिवसाला त्रासदायक आहे, याची कल्पना देऊन ठेवतो.

५. टँकर मागवू नये

गॅलँटामाइन नावाच्या गोळीने जागृत स्वप्नांचं प्रमाण वाढतं, हे २०१८ साली १२१ जणांवरच्या प्रयोगात दिसलं. दिखाऊ गोळीवर १४ टक्के, ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्के. पण हे अल्झायमरच्या रुग्णांचं औषध आहे. डॉक्टरांना ‘मला झोपेत उडायचंय’ असं सांगून चिठ्ठी मिळत नाही, आणि चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

६. पाऊस पडल्यावर

कळल्याबरोबर आनंदाने ओरडू नये. बहुतेकांचं पहिलं स्वप्न तिथेच फुटतं. स्वप्नातले हात एकमेकांवर चोळावेत किंवा स्वतःभोवती गिरकी घ्यावी. स्वप्न टिकायला त्याने मदत होते, असं लाबर्ज सांगतात.

काहींना यात विज्ञानाची सेवाही करावीशी वाटेल. आरईएम टप्प्यात शरीराचे बाकीचे बहुतेक स्नायू लुळे पडलेले असले तरी डोळे हलतात. १९७५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात ॲलन वर्स्ली या गृहस्थांनी स्वप्नातून ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि कीथ हर्न यांच्यासमोरच्या आलेखावर ती खूण उमटली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर झोपलेल्या माणसाला आठातून सहा गेले किती, असं विचारलं आणि त्याने डोळ्यांनी दोन असं उत्तर दिलं. यावरून वजाबाकी झोपेतही सुटत नाही, एवढं सिद्ध झालं.

७. नेहमीच्या शंका

पहाटे जाग आली, पण हलता येईना, छातीवर कोणी बसलंय असं वाटलं. मुंजा असेल का? नाही. मन जागं झालं आणि स्नायू अजून आरईएममध्येच राहिले, की असं होतं. सहसा काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ओसरतं. लिंबू-मिरचीचा खर्च वाचवावा.

सगळं केलं, तरी महिनाभर काहीच नाही. आता? झोप पुरी होतेय ना? मग तूर्त तक्रारीला जागा नाही.

जागृत स्वप्नात साहेबांना मनातलं स्पष्ट सुनावता येईल का? अवश्य. मात्र तोंड उघडण्याआधी नाक दाबून पाहावं. श्वास आला, तर बेलाशक सुनावावं. अडला, तर ‘सर्दी झालीय, सर’ म्हणून फाईल घ्यावी आणि जागेवर जाऊन बसावं.