मूळ मालक, नगरकर

नगरच्या हुसेन निजामशाहाने आपल्या मुलीच्या, म्हणजे चांदबिबीच्या, विवाहात सोलापूर विजापूरच्या अली आदिलशाहास हुंड्यात दिले, या गोष्टीला साडेचार शतके उलटून गेली असली, तरी आमच्या सावेडीच्या आप्पासाहेबांच्या लेखी तो व्यवहार अद्याप बेबाक झालेला नाही, आणि म्हणूनच सोलापूरची हद्द लागली की लेकीच्या सासरी पाहुणा गेलेल्या सासऱ्याप्रमाणे ते मोटारीत किंचित ताठ बसतात, चहावाल्याकडे वत्सल परंतु अधिकारयुक्त दृष्टीने पाहतात आणि म्हणतात, "तसे हे मूळचे आपलेच."

हे गृहस्थ वाचकांच्या परिचयाचे असणारच; आपल्या गावातील आप्पासाहेब निराळ्या नावाचे असतील, इतकेच. आमचे आप्पासाहेब भूमि अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले असून, ज्या माणसाची उभी हयात मोजणीची साखळी आणि फेरफाराच्या नोंदी यांत गेली, त्यास उतारवयात इतिहासाचा छंद लागला म्हणजे साऱ्या इतिहासाचा सात-बारा कसा होतो, याचे ते जिवंत उदाहरण आहेत. त्यांच्या दप्तरात दख्खनचे दोनच रकाने आहेत: मूळ मालक म्हणजे नगर आणि कब्जेदार म्हणजे बाकीचे सर्व. १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला ते अतिक्रमण. १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने तो घेतला ती सक्तीची फेरफार नोंद. आणि दोन्हीविरुद्ध अपिलाची मुदत टळली असली तरी विलंब माफ होऊ शकतो, असे त्यांचे प्रामाणिक मत आहे.

अशा माणसाबरोबर खर्डा, परंडा, नळदुर्ग, सोलापूर आणि विजापूर असा प्रवास करण्याचे आम्ही काही मित्रांनी का ठरवले, हे आमच्या कुटुंबीयांस आजही उमगलेले नाही. पहाटे सावेडी नाक्यावरून निघालेली मोटार जामखेडमार्गे खर्ड्यास पोहोचली, तेव्हा जेथे १७९५ साली मराठ्यांनी हैदराबादच्या निजामाचा पराभव केला ते ठिकाण नगर जिल्ह्यातच पडत असल्यामुळे दावा दाखल करण्यास जागा उरली नाही, आणि आप्पासाहेब काहीसे हिरमुसले. मात्र हा हैदराबादचा निजाम आणि आपला निजामशाहा यांचा काडीमात्र संबंध नाही, ही गोष्ट त्यांनी आम्हांस तर सांगितलीच, पण हातात पोह्यांची बशी घेऊन उभ्या असलेल्या एका सर्वस्वी अनोळखी एस.टी. कंडक्टरासही ती सविस्तर समजावून दिली.

परंड्यास त्यांचा उत्साह परतला. नगर पडल्यानंतर मलिक अंबराने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवले आणि निजामशाहीची राजधानी काही काळ येथे होती. "म्हणजे परंडा हे नगरच," आप्पासाहेब तटावरून म्हणाले, "फक्त पत्ता बदलला होता." खाली दरवाजाशी ठेवलेल्या वहीत 'कोठून आलात' या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'जुन्या राजधानीहून.'

नळदुर्गला तरी आमची सुटका होईल अशी आशा होती, कारण तेथला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने १६१३ साली बोरी नदीला घातलेल्या बांधाच्या पोटात बांधलेला. बांधावरून पाणी कोसळत असताना आतल्या दालनातील माणूस कोरडाच राहतो, या विलक्षण कौशल्यापुढे आम्ही स्तब्ध उभे होतो, आणि आप्पासाहेबही गप्प आहेत हे पाहून आमच्यातील एका अविचारी मित्राने विचारले, "हे तरी त्यांचे ना?" क्षणभर थांबून आप्पासाहेब म्हणाले, "इब्राहिम लहान असताना त्याला वाढवले कोणी? चांदबिबीने. चांदबिबी कोठली?" त्यावर कोणापाशी उत्तर नव्हते. पाणी कोसळत राहिले, आणि तेही, आमच्या ध्यानात आले, मूळचे नगरचेच होते.

विजापूरला गोलघुमटात त्यांनी सज्ज्यावर जाऊन, घोगऱ्या पण निर्धारयुक्त आवाजात, "नगर!" अशी हाक मारली. महंमद आदिलशाहाच्या कबरीवरचा तो अजस्र घुमट ती हाक पुनःपुन्हा परत करीत राहिला, तेव्हा आप्पासाहेबांनी आमच्याकडे अशा मुद्रेने पाहिले की जणू पंच एकामागून एक येऊन अनुकूल जबाब नोंदवीत आहेत.

येथवर त्यांचे सारे दावे म्हटले तर दूरान्वयाचेच होते. परंतु शेरझा बुरुजावर मलिक-ए-मैदान समोर आली, आणि येथे मात्र अस्सल कागद होता. सुमारे ५५ टनांची ही तोफ १५४९ साली नगरातच ओतली गेली. ओतणाऱ्या मुहंमद बिन हसन रूमीचे नाव आणि निजामशाहाचा उल्लेख तिच्या अंगावर कोरलेला आहे. परंड्याहून १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापूरला आणली, आणि पुढे विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने त्याच अंगावर आपलीही नोंद चढवली. हत्तीला गिळणाऱ्या त्या विक्राळ जबड्यापुढे आम्ही श्वास रोधून वाट पाहत होतो. जवळच एक स्थानिक गृहस्थ आपल्या नातवाला अभिमानाने "नम्म तोप, नम्म तोप", म्हणजे आपली तोफ, असे सांगत होते. आप्पासाहेबांनी त्या मुलाकडे पाहिले, तोफेवर तळहात टेकला, आणि काहीच बोलले नाहीत.

बऱ्याच वेळाने त्यांनी जे सांगितले, त्यात नगर कोठेच नव्हते. १८५४ साली साताऱ्याच्या कमिशनराचा हुकूम आला की विजापुरातील निरुपयोगी जड माल लिलावात काढावा. त्यात ही तोफही निघाली आणि दीडशे रुपयांची बोली लागली. तेथल्या मामलेदाराने मात्र इतक्या धातूला ही किंमत क्षुल्लक आहे आणि लोकांची या तोफेवर श्रद्धा आहे, असे वर कळवले, आणि लिलाव रद्द झाला. "शेरा मारणारा एक माणूस लागतो," आप्पासाहेब म्हणाले. "आमच्याकडे सलाबतखानाच्या कबरीला सगळा गाव चांदबिबीचा महाल म्हणतो. शेरा मारायला मी जातो, तर लोक मला चिवडा देऊन वाटेला लावतात. ठेवा ही इथेच. कब्जा चांगल्या हातांत आहे."

ज्या माणसाने चार दुर्ग आणि एक नदी बळकावली, त्याने आपल्या एकमेव निर्विवाद हक्कावर असे पाणी सोडावे, हे आम्हांस चमत्कारिक वाटले. आणि त्याला चिवडा देणाऱ्यांत आम्हीही मोडतो, ही जाणीव काही सुखद नव्हती.

परतीच्या वाटेवर सोलापूर आले आणि गेले, पण आप्पासाहेब ताठ बसले नाहीत. तेव्हा दोन दिवस तोंडातून शब्द न काढलेल्या आमच्या पाथर्डीच्या ड्रायव्हरने आरशात पाहत विचारले, "आप्पा, मंग ही एवढी तोफ आपल्याकडं ओतली कशी व्हती?" आप्पासाहेबांनी घसा साफ केला. टेंभुर्णी मागे पडली, करमाळा मागे पडला, तरी भट्टीतला धातू अद्याप वितळायचा होता. आणि मागच्या आसनांवर आम्ही सगळे, झोपेचे उत्तम सोंग घेऊन, एकही शब्द निसटू नये म्हणून खिडक्या बंद करून बसलो होतो.