उद्याची सोय

मोड आलेल्या मटकीबाबत माझं मत तज्ज्ञाचं मत म्हणून धरलं जावं, एवढी माझी माफक अपेक्षा आहे. अर्धा किलो मटकी शनिवारी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, की रविवारी ती किलोच्या वर भरते. ‘यात तू काय केलंस? मटकीच फुगली,’ असं आई म्हणते. फुगली खरी, पण वेळेवर भिजत कुणी घातली? लिफ्टमध्ये कुणी ‘काय, रविवार कसा?’ असं विचारलं, की मी ‘आठवड्याचा स्वयंपाक उरकला’ असं जाता जाता सांगतो. समोरच्याला चौथ्या मजल्यावर उतरायचं असेल, तर तिसऱ्यापर्यंत मी कांदा-खोबऱ्याच्या वाटणापाशी पोचलेला असतो.

मी नोकरी सोडली आणि ओटा माझ्या ताब्यात आला. बायको अजून रोज डोंबिवली-सीएसएमटी करते. तिनं इतकी वर्षं जे काही न बोलता केलं, त्याला मी आल्या आल्या ‘पद्धत’ लावली. फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. रविवारी उसळ. सोमवारी तीच पातळ करून, वर फरसाण घालून मिसळ. मंगळवारी आटवून थालीपिठाच्या भाजणीत. बुधवारी उरलीसुरली बटाट्यात कुस्करून तिचे पॅटिस. बुधवारी ठाणं सोडलं की बायकोचा फोन येतो, ‘अहो, आज मटकी काय झालीय?’

भाताच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला, की त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू वाढतो. त्याची बीजं शिजवण्यातून वाचतात आणि त्यानं एकदा विष सोडलं, की भात पुन्हा कितीही गरम करा, ते जात नाही. म्हणून उरलेला भात लगेच पसरट भांड्यात गार करून तास-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. हे भाषण मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला देतो. आई ते फोडणीचा भात खात खात ऐकते.

1853 साली गाडी ठाण्याला आली, 1854 साली कल्याणला, आणि पुढे केव्हातरी इकडचा स्वयंपाक रेल्वेच्या वेळापत्रकावर चालू लागला. लेडीज डब्यात मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायकांचे फोटो मीही पेपरात कौतुकानं पाहिलेत. ‘बघ, वेळेचा कसा उपयोग करतात,’ असं मी बायकोला एकदा म्हणालो होतो. ती तेव्हा मेथीच निवडत होती, घरी. तिनं जुडी माझ्यापुढे सरकवली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पण मला सांगायचंय ते फोडणीच्या पोळीबद्दल. (मटकी ही प्रस्तावना होती.) कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं 1970 साली घराघरांत वाटी-चमच्याचं माप नेलं. फोडणीच्या पोळीचं माप एकच: उरतील तेवढ्या पोळ्या. पोळी ताजी चालत नाही, तिचा लगदा होतो. ती रात्रभर डब्यात राहून जरा कडकलेली हवी. ती हातानंच कुस्करायची. मिक्सरमधून काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याकडे फक्त चहा घेतो. तेल सढळ. मोहरी तडतडली की हिंग, कढीपत्ता, शेंगदाणे, मग पोळीच्या निम्मा वाटेल इतका कांदा. कांदा मऊ झाला की हळद, तिखट, मीठ, साखरेची चिमूट. मग कुस्करा, त्यावर ताकाचा हबका, झाकण, मंद आच. ताक म्हणजे हबकाच, ओतायचं नाही. वाफ आली तरी झाकण उघडून ढवळायची घाई करायची नाही, कारण खरा ऐवज बुडाशी तयार होत असतो. ती तांबूस खरपुडी उलथन्यानं खरवडताना येणारा आवाज ज्याला ओळखता येत नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. वर कोथिंबीर, शेजारी सायीचं दही. खोबरं घालणारे लोक आहेत. असोत.

अडचण एकच. पोळ्या उरण्यासाठी आधी त्या कराव्या लागतात आणि मला पोळ्या येत नाहीत. डोंबिवलीत याची चिंता नसते, कोपऱ्याकोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र आहे. तिथे जाऊन मी विचारलं, ‘दहा पोळ्या द्या. कालच्या असल्या तर उत्तम.’ काउंटरवरच्या ताईंचा हात थांबला. ‘काका, आमच्याकडे शिळं मिळत नाही.’ मागे रांगेत उभ्या असलेल्या दोघीतिघींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला घरात दोन गाई असल्याचं सांगावंसं वाटलं.

शिळं. हा विषय निघाला की मला आईच्या पोळ्यांचा डबा दिसतो. गरम पोळ्या वर रचलेल्या असायच्या आणि आम्ही जेवून उठलो की ती त्यांच्या खाली हात घालून तळातली कालची काढायची. ताजी पोळी उरली, तरी कालचीच. भातही तसाच, भाजीही. ‘मला आवडते,’ म्हणायची, आणि आम्ही ते बिनदिक्कत खरं मानलं. फ्रिज आला तेव्हा घरातलं शिळं संपलं असं आम्हाला वाटलं. झालं एवढंच, की तिचं शिळं गार झालं. आता त्यालाच मील प्रेप म्हणतात, काचेच्या डब्यांत भरतात, आणि मी त्याच्या जोरावर लिफ्टमध्ये मान ताठ करून उभा राहतो. माझ्या एका उसळीचं बिल्डिंगमध्ये झालं तेवढं कौतुक या घरातल्या दोन बायकांच्या उभ्या जन्माच्या स्वयंपाकाचं कुणी केलेलं मला आठवत नाही. मी तर नाहीच.

तर परवा, म्हणजे तक्त्याप्रमाणे थालीपिठाच्या दिवशी, मी आईला सहज विचारलं, ‘तुला काय खावंसं वाटतं?’ मला वाटलं, फोडणीची पोळी म्हणेल.

‘तव्यावरची पोळी,’ ती म्हणाली. ‘थेट ताटात. तूप लावून.’

आता आली का पंचाईत. बायको यायला दोन तास होते. केंद्रातून आणली असती तर पोळी तव्यावरची राहिली नसती, आणि तिथे मला तोंडही नव्हतं. पोळपाट काढला, लाटणं शोधलं, कणीक भिजवली. मोजून दोन पोळ्यांची, कारण त्याहून जास्त लाटण्याची माझ्यात हिंमत नव्हती. आई खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसली, परातीत डोकावली आणि म्हणाली, ‘एवढीशीच? चार जास्त कर की. उद्या फोडणीला होतील.’