कांदा, वाळवंट आणि इतर अश्लील गोष्टी

कॅनडात न्यूफाउंडलंड नावाच्या बेटावर सेंट जॉन्स हे शहर आहे. तिथल्या एका बी-बियाण्यांच्या दुकानाने २०२० साली फेसबुकवर कांद्याच्या बियाण्याची जाहिरात दिली. वॉला वॉला जातीचा गोडसर, भरदार कांदा. टोपलीत एकमेकांना खेटून बसलेला. फेसबुकने जाहिरात नाकारली. कारण काय, तर चित्र उघडउघड कामुक आहे. पुढे माणसांनी लक्ष घातलं, माफी मागितली आणि कांद्याला त्याची अब्रू परत मिळाली. मला काळजी लागली आहे ती लासलगावची. तिथे हे यंत्र बसवलं तर काय होईल? ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर भरून नग्नता, भर बाजारात, आणि वर तिचा लिलाव!

लंडनच्या पोलिसांचीही तीच रड. जप्त केलेल्या फोनमधले नग्न फोटो हुडकायला त्यांनी यंत्र लावलं, तर ते वाळवंटाचे फोटो पकडून आणू लागलं, असं त्यांनीच २०१७ च्या डिसेंबरात सांगितलं. वाळूच्या टेकड्यांना अंगाचा रंग असतो, अंगाची वळणं असतात. यंत्राचं चुकलं कुठे? जैसलमेरला मधुचंद्राला जाऊन आलेल्या जोडप्यांनी पाठीमागचं दृश्य कापून मगच फोटो चढवावेत. उंट राहू द्यावा.

यंत्राला हसणं सोपं आहे. ते बिचारं सांगकाम्या. त्याला कामाला कोणी लावलं आणि कशासाठी, ही गोष्ट जास्त करमणुकीची आहे, आणि ती कळायला टंब्लर या संकेतस्थळाचं चरित्र थोडं ऐकावं लागतं.

डेव्हिड कार्प नावाच्या विशीतल्या पोराने २००७ साली न्यूयॉर्कमध्ये टंब्लर सुरू केलं. त्याची खरी थोरवी अशी की तिथे खरं नाव लागत नव्हतं. फेसबुकवर आपण काही टाकलं की पहिला अंगठा सांगलीच्या मावशीचा, दुसरा ऑफिसातल्या साहेबांचा आणि तिसरा अशा माणसाचा, ज्याला आपण अजून पैसे देणं लागतो. टंब्लरवर मावशी नव्हती. एवढ्या एका सोयीपायी जगभरातली लाखो माणसं तिकडे गेली. अमेरिकेतल्या चर्चप्रधान गावात वाढणारा समलिंगी मुलगा तिथे होता. शस्त्रक्रियेनंतर छाती कशी दिसते, टाके कधी सुकतात, वण कुठवर राहतो, हे दुसऱ्याने महिन्या-महिन्याने टाकलेल्या फोटोंवरून शिकणारा ट्रान्स पोरगा तिथे होता. पुरुषांच्या आवडीने बनवलेल्या अश्लीलपटांना कंटाळलेल्या आणि आपल्या आवडीचं काय ते आपणच शोधणाऱ्या बाया होत्या. नग्न देह रेखाटणारे चित्रकार होते. आवडत्या मालिकेतल्या दोन नायकांचं परस्पर लग्न लावून देणाऱ्या लेखिका होत्या, आणि त्यांचा संसार कथेपेक्षा सुखाचा चालला होता. धंदा करणाऱ्या बायकाही होत्या. आणि हो, खोटं कशाला बोला, शुद्ध, बिनबुडाचा, निव्वळ अश्लील माल होता. रग्गड होता.

तिथली रीत अशी की एकाने चित्र टाकायचं, दुसऱ्याने ते आपल्या पानावर नेऊन खाली दोन ओळी जोडायच्या, तिसऱ्याने आणखी चार. चित्र निमित्ताला, खरी मैफल खालीच. चावडी म्हणा.

अशी चावडी चालताना दिसली की शहरातून कोणीतरी ती विकत घ्यायला येतंच. २०१३ साली याहूने टंब्लर ११० कोटी डॉलरला घेतलं. याहूच्या मारिसा मायर यांनी जाहीर वचन दिलं की आम्ही याची वाट लावणार नाही. वचन त्यांनी पाळलं असं म्हणायला हरकत नाही, कारण २०१७ साली याहूच व्हेरायझनने घेतलं आणि वाट लावायचं काम नव्या मालकाकडे गेलं. व्हेरायझन ही टेलिफोन कंपनी. तिला जाहिराती हव्या होत्या, आणि आपला साबण उघड्या अंगाशेजारी झळकलेला कुठल्याच साबणवाल्याला आवडत नाही. खरं तर साबणाला याहून योग्य जागा कोणती, पण ते असो.

२०१८ च्या नोव्हेंबरात ॲपलने टंब्लरचं ॲप आपल्या दुकानातून काढून टाकलं. इथे थट्टा बाजूला ठेवतो. तिथे मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं सापडली होती. ती काढणं आणि टाकणाऱ्यांना पोलिसांच्या हवाली करणं हे कुठल्याही मालकाचं पहिलं कर्तव्य. टंब्लरवरच्या मंडळींचंही त्यावर दुमत नव्हतं. मालकाने केलं काय? ३ डिसेंबरला फर्मान काढलं की १७ डिसेंबरपासून इथे प्रौढांसाठीचं काहीच चालणार नाही. प्रौढांनी स्वखुशीने काढलेलं, स्वखुशीने पाहिलेलं, सगळं बंद. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. दोन आठवड्यांची मुदत. त्यात आपली दहा वर्षांची पानं उतरवून घ्या आणि चालू लागा. या फर्मानाचा मथळा अधिक चांगलं, अधिक सकारात्मक टंब्लर अशा थाटाचा होता. ‘सकारात्मक’ हा शब्द दिसला की आपलं काहीतरी जाणार हे ओळखावं, मग तो पगारवाढीच्या पत्रात असो की पुनर्विकासाच्या.

नियमांची पोथी तर वाचण्यासारखी होती. खऱ्या माणसांची गुप्तांगं नकोत. स्त्रीची भासणारी स्तनाग्रं नकोत. संभोगाचं चित्रण नको, मग ते हाताने काढलेलं का असेना. मात्र अंगावर दूध पाजणं चालेल. बाळंतपण चालेल. कर्करोगाची शस्त्रक्रिया चालेल, लिंगबदलाचीही चालेल. पुतळे चालतील. राजकीय निषेधासाठी कपडे उतरवले असतील तर चालतील. कामुक कथा लिहिल्या तरी चालतील, फक्त चित्र नको. म्हणजे एकच स्तन सकाळी मातृत्व, दुपारी वैद्यकशास्त्र, संध्याकाळी राजकारण आणि रात्री गुन्हा. हा भेद करायला पूर्वी धर्मपीठं बसत आणि ग्रंथावर ग्रंथ लिहीत. टंब्लरने तो कांदा न ओळखणाऱ्या यंत्राच्या भावंडावर सोपवला.

भावंडाने घराण्याचं नाव राखलं. कपडे घातलेली माणसं, व्यंगचित्रं, फुलदाण्या, काय वाटेल त्यावर लाल पट्ट्या मारल्या. काय चालेल याचे नमुने म्हणून टंब्लरने स्वतः छापलेली चित्रं पत्रकारांनी पुन्हा चढवून पाहिली, तर यंत्राने तीही धरली. शस्त्रक्रियेच्या वणांचे फोटो नियमात बसत होते. यंत्राला वण कळत नव्हता, छाती कळत होती. मग अर्ज करा, वाट पाहा. चित्रावर पडदा पडला की त्याच्याखालची मैफलही गेली.

गेलं कोण, हे बघण्यासारखं आहे. चित्रकार गेले, लेखिका गेल्या, प्रश्न विचारणारी पोरं गेली. कोणी ट्विटरवर, कोणी डिस्कॉर्डच्या बंद खोल्यांत, कोणी पिलोफोर्ट नावाच्या नव्या घरकुलात. एकाच वाड्यातली बिऱ्हाडं दहा उपनगरांत पांगली की पत्ता असूनही भेट होत नाही. आणि राहिलं कोण? ‘हाय हँडसम, माझे फोटो बघ’ म्हणत दारोदार फिरणारी बनावट खाती. ती राहिली, वाढली आणि टंब्लरवर थट्टेचा कायमचा विषय झाली. बंदीला फक्त खरी माणसं घाबरतात. यंत्राला यंत्र बरोबर चुकवतं.

व्यवहार पाहू. बंदीच्या डिसेंबरात टंब्लरला सुमारे ५२ कोटी भेटी झाल्या होत्या. फेब्रुवारीत त्या ३७ कोटींवर आल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वर्डप्रेस चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने टंब्लर घेतलं. किंमत जाहीर झाली नाही, पण बातम्यांनुसार ती ३० लाख डॉलरहूनही कमी होती. ११० कोटींचे ३० लाख! तेव्हाच्या भावाने साधारण २१ कोटी रुपये. एवढ्यात मलबार हिलला समुद्र दिसणारा मोठा फ्लॅट घ्यायचा तर खिडकीशी घासाघीस करावी लागली असती. सोवळं इतकं महाग पडल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

नवे मालक मॅट मलनवेग यांनी २०२२ साली हातचं न राखता लिहिलं की जुनं टंब्लर आता परत आणता येणार नाही. का? कार्डवाल्या कंपन्यांना चालत नाही आणि ॲपलला चालत नाही. मग ट्विटर आणि रेडिटवर इतकं उघडंवाघडं असून त्यांची ॲपं दुकानात कशी? यावर त्यांचा अंदाज असा की ते दोघे हाकलायला फार मोठे आहेत. या एका वाक्यात नीतिशास्त्राचा सारा अभ्यासक्रम येतो. फेरीवाल्याची गाडी उचलली जाते आणि मॉलचं अतिक्रमण ‘नियमित’ होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ट्विटरचं एक्स झालं, त्याने २०२४ मध्ये प्रौढ मजकूर नियमात लिहूनच चालवून घेतला, आणि ॲप दुकानात जिथल्या तिथे आहे.

ओन्लीफॅन्सचा किस्सा तर याहून रंगतदार. ही कंपनी ज्या मालावर जगते तो सगळ्या जगाला ठाऊक आहे. तिने १९ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलं की १ ऑक्टोबरपासून उघड लैंगिक मजकूर बंद. मिठाईवाल्याने साखर बंद करावी तसं. करोनाच्या काळात याच मालावर घरभाडं भागवणाऱ्या बायकांनी आरडाओरडा केला. कंपनीचे प्रमुख म्हणाले, आमचा इलाज नाही, बँका अडवतात. २५ ऑगस्टला बंदी मागे. सहा दिवसांत नैतिकता आली, बसली, चहा घेतला आणि गेली. बँकांचं समाधान झालं होतं म्हणे. आणि त्याच शरद ऋतूत व्हिएन्नाच्या पर्यटन मंडळाने ओन्लीफॅन्सवर खातं उघडलं, कारण तिथल्या संग्रहालयांतली नग्न चित्रं आणि शिल्पं इतर ठिकाणी टिकेनात. त्यांच्या विलेनडॉर्फच्या व्हीनसचा फोटो फेसबुकने काढून टाकला होता. ती मूर्ती दगडी, वय तीस हजार वर्षांच्या आसपास, उंची जेमतेम अर्धी वीत, आणि चेहरा असा नाहीच. सगळी शालीनता पाळून तिने केसांनी तोंड झाकून घेतलं आहे. तरी नाही चाललं.

आपल्याकडे अश्लीलतेचे खटले झाले नाहीत असं नाही. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. पुण्याच्या एका सद्गृहस्थांनी तक्रार केली. खालच्या कोर्टाने सोडलं, उच्च न्यायालयाने २५ रुपये दंड केला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवलं. सात वर्षं गेली, मनस्ताप झाला, वकिलांची घरं चालली. पण तीन कोर्टांतल्या न्यायमूर्तींनी ती कथा वाचली! नायक कोण, त्याच्या आयुष्यात बाया किती आल्या आणि का, याचा त्यांना निकालपत्रात ऊहापोह करावा लागला. दिवाळी अंकाला इतका मन लावून वाचणारा वाचक पुन्हा मिळाला नाही. आजच्या लाल पट्टीच्या मागे न्यायमूर्ती सोडा, साधा कारकूनही नसतो. न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाने २०२२ मध्ये टंब्लरशी तडजोड करून घेतली ती यासाठीच: अर्ज नीट तपासा, माणसांना शिकवा, यंत्र समलिंगी आणि ट्रान्स लोकांवरच जास्त घसरतं का ते तज्ज्ञाकडून पाहून घ्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात टंब्लरने नग्नता परत आत घेतली, संभोग मात्र बाहेरच. तोवर बघायला आणि दाखवायला माणसं कितीशी उरली होती?

पुढची फेरी २०२५ च्या जुलैची. ऑस्ट्रेलियातल्या एका संस्थेने कार्ड आणि पैसे फिरवणाऱ्या कंपन्यांना पत्र पाठवण्याची मोहीम उघडली: स्टीम आणि इच या संगणकी खेळांच्या दुकानांत बलात्काराचे वगैरे खेळ विकले जातात, त्यांचे पैसे वळवू नका. त्यातले काही खेळ खरोखर किळसवाणे होते. पण इचने सावध होऊन प्रौढ शिक्का असलेलं सगळंच शोधातून गायब केलं. त्यात फुकट खेळ होते, प्रेमाच्या गोष्टी होत्या, समलिंगी पोरांनी आपल्यासारख्यांसाठी बनवलेल्या कहाण्या होत्या. निर्णय कोणाचा, हे विचारायला गेलं तर सरकारी कार्यालयातल्या टेबलांची आठवण व्हावी. मास्टरकार्ड म्हणालं, आम्ही एकही खेळ तपासला नाही, कायदेशीर खरेदीला आमची ना नाही. स्टीमची मालक कंपनी म्हणाली, आम्हाला मधल्या बँकांनी आणि दलालांनी कळवलं, आणि त्यांनी बोट दाखवलं मास्टरकार्डच्याच नियम ५.१२.७ वर. हा नियम आहे कार्डाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. पूर्वी बट्टा कुळाला लागत असे.

शेवटी खेळणाऱ्यांनीच पत्ता शोधून काढला. कुठलं न्यायालय नाही, संसद नाही, ॲपलही नाही. त्यांनी व्हिसा आणि मास्टरकार्डच्या ग्राहक सेवेला फोन लावायला सुरुवात केली, एकामागून एक, दिवसचे दिवस. कार्ड हरवलं तर अमुक दाबा, शिल्लक रकमेसाठी तमुक दाबा. कलास्वातंत्र्यासाठी काय दाबायचं हे यादीत नव्हतं, म्हणून मंडळी संगीत ऐकत थांबली. पलीकडून फोन उचलणाऱ्या मुलीला या सगळ्या प्रकरणाचा गंध नसणार. तिने नेहमीप्रमाणे कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारले असतील.